वकीलबाईंची फी



"सुनेचं एलएलबी झालं, सनदही मिळाली. आता घराजवळच काही सुरू करता येईल का?" हा प्रश्न अलीकडे मला बऱ्याच जणी विचारतात. मी स्वतः वकील नाही. बी.कॉम. झालेली साधी गृहिणी आहे. पण माझी धाकटी जाऊ गेली अकरा वर्षं मुलुंडला स्वतंत्र वकिली करते आणि पहिल्या दिवसापासून तिच्या ऑफिसची वही मी लिहिते. कोण आलं, किती फी ठरली, किती आली, स्टॅम्पला किती गेले, सगळं माझ्या अक्षरात आहे. त्या वहीच्या आधारानं आज मी माझं मत मांडते.

मत थोडक्यात असं. उपनगरात घराजवळ लहानशी वकिली नक्की उभी राहते. तिला जाहिरात लागत नाही. कायद्यानं ती करताही येत नाही. ओळखीच्या माणसांचा विश्वास मिळाला की ती चालते. पण हीच ओळखीची माणसं, म्हणजे तुम्ही-आम्हीच, फुकट सल्ला मागून मागून तिला उभं राहू देत नाही. मुलीला शिकवण्यात आपण मागे नाही. तिच्या शिक्षणाचं मोल द्यायची वेळ आली की मात्र आपला हात आखडतो.

आधी थोडं मागचं सांगते. आज आपल्या मुली सहज वकील होतात, पण १९२३ चा कायदा होईपर्यंत भारतात बाईला वकिलीचा सरसकट हक्क नव्हता. आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं! मधल्या काळात त्यांनी बंगालमध्ये पडद्यातल्या बायकांसाठी काम केलं. त्या बायकांच्या नावावर इस्टेटी होत्या, पण परपुरुषाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून कुणी कशावरही सही-अंगठा घ्यायचं. बाई वकील समोर बसल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या मालमत्तेबद्दल विचारता आलं. पुढे मिठान लाम मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला झाल्या आणि १९४७ साली मुंबईच्या शेरीफही झाल्या.

आता पडदा गेला. पण माझ्या जावेकडे येणाऱ्या कितीतरी बायका अजूनही असंच म्हणतात, "हे मी आमच्या घरच्या वकिलांना विचारू शकत नव्हते." घरचे वकील सासऱ्यांचे मित्र असतात. त्यांच्यासमोर विधवा सुनेनं "फ्लॅटवर माझं नाव आहे का हो?" असं कसं विचारायचं? म्हणून सांगते, प्रत्येक उपनगरात अशा एका तरी वकीलबाईची गरज आहे जिच्याकडे बाई भाजीची पिशवी घेऊन जाता जाता पायरी चढू शकेल.

"पण कोर्ट तर फोर्टात," असं सासरे म्हणतात. नेहमीच नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी इथे दंडाधिकारी न्यायालयं आहेत. दिंडोशीला नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. कुटुंब न्यायालय वांद्र्याला, उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोगही वांद्र्यालाच. बिल्डरविरुद्धच्या तक्रारींचं महारेरा बीकेसीत. दुय्यम निबंधकांची कार्यालयं उपनगरात जागोजागी आहेत. उच्च न्यायालयात जावं लागतं, पण रोज नाही. घाटकोपर-मुलुंडच्या बाईला रोज सीएसएमटीची गर्दी झेलण्याची सक्ती राहिलेली नाही.

आणि काम काय असतं? खून-दरोडे नसतात. आपल्याच घरांतले कागद असतात. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, लिव्ह अँड लायसन्सचा करार, सोसायटीतलं नामांतर, वारस दाखला, पुनर्विकासाच्या कराराचं वाचन, न वटलेला चेक. यातली दोन-तीन उदाहरणं मुद्दाम सांगते, म्हणजे या कामाची किंमत कळेल.

नवरा गेला, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव होतं, म्हणून फ्लॅट त्याचा झाला, असं आपल्यातल्या निम्म्या घरांत समजतात. तसं नसतं. सहकार कायद्यानुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. खरी मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. लेकीचा हक्कही तसाच. आपण जैन असलो तरी वारशाला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे २०२० च्या निकालानं पक्कं झालं. आईनं राहता फ्लॅट मुलीला बक्षीस द्यायचा ठरवला तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. वरचे स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हे माहीत नसल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं कागद करत नाहीत आणि मग भावंडं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

चेकचं बघा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यानं नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. दुकानदार घरांत "बघू, देईल तो" करत ३० दिवस निघून जातात. वकीलबाईचं अर्धं काम तारीख सांभाळण्याचंच आहे.

आता जाहिरातीकडे येते, कारण इथेच घरचे हौशी लोक घोटाळा करतात. मुलीला सनद मिळाली की काकांना वाटतं, पर्युषणाच्या पत्रिकेत पान देऊ, मंदिराबाहेर कार्ड वाटू, व्हॉट्सअ‍ॅपवर "घटस्फोट, प्रॉपर्टी, चेक बाउन्स – त्वरित संपर्क साधा" असं फिरवू. मैत्रिणींनो, थांबवा त्यांना. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम ३६ आहे. वकिलानं काम मागायचं नाही, जाहिरात करायची नाही. सरळ नाही आणि आडवळणानंही नाही. माणसं लावून नाही, पत्रकं वाटून नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी आणि तिच्यावर अमुक कामातले तज्ज्ञ असं लिहायचं नाही. २००८ पासून एवढी सूट मिळाली की स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा क्रमांक व तारीख, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करतो एवढं देता येतं. २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयानं वकिलांची नावं विकणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांवर कडक ताशेरे ओढले आणि बार कौन्सिलनंही पावलं उचलली. अमेरिकेत १९७७ पासून वकिलांना जाहिरात करायला मोकळीक आहे, तिथे रस्त्यावर वकिलांचे मोठे फलक दिसतात. आपल्याकडे तसं नाही.

हा नियम का, याचं उत्तर मुंबईतच आहे. इथल्या फौजदारी कोर्टाच्या दाराशी काही वकील उभे राहायचे, येणाऱ्या पक्षकारावर झडप घालायचे, एकमेकांच्या हातून काम हिसकायचे, अशी तक्रार होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७५ साली न्यायालयानं असल्या वागण्याची कडक निंदा केली. माझं मत विचाराल तर हा नियम लहान वकिलाच्या फायद्याचा आहे. जाहिरात खुली झाली तर ज्याच्याकडे पैसा त्याचाच फलक मोठा. घरातल्या एका खोलीत बसणारी आपली मुलगी त्या स्पर्धेत कुठे टिकणार? जिथे सगळ्यांचीच पाटी लहान, तिथे नावावर काम मिळतं.

मग माणसं येतात कशी? वहीत मी "कुणाकडून कळलं" असा एक रकाना ठेवला आहे. त्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं उत्तर म्हणजे "आधीच्या अशिलाकडून". त्याखालोखाल सीए, मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग मंदिरातल्या ओळखी. आणि ही माणसं जावेचं नाव का सांगतात, तेही मला ठाऊक आहे. ती फोन उचलते किंवा संध्याकाळपर्यंत उलटा करते. तारीख झाली की त्याच दिवशी दोन ओळींत कळवते, काही घडलं नसलं तरी. अशिलाचे मूळ कागद घेतले की पोच देते. आणि भांडण्यात अर्थ नसेल तर "काकू, यात तुमचे पैसे जातील, हाती काही लागणार नाही" असं तोंडावर सांगते. त्या दिवशी एक काम जातं. पण तीच काकू पुढे चार जणींना घेऊन येते.

नाव सुचवणाऱ्याला कमिशन मात्र द्यायचं नाही. एका घरदलालानं तिला सरळ विचारलं होतं, "दर करारामागे माझे किती?" ती म्हणाली, "काहीच नाही, दादा. वकील नसलेल्याशी फी वाटून घेता येत नाही." तो पुन्हा आला नाही, आणि त्याच्यावाचून काही अडलंही नाही. तसंच "केस जिंकलो की दहा टक्के तुला" असं घरातले मोठे प्रेमानं म्हणतात. तेही चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. आणखी एक, खास आपल्या व्यापारी घरांसाठी: सनद घेतलेल्या सुनेला दुकान सांभाळायला बसवता येत नाही. वकिलानं स्वतः धंदा चालवायचा नाही, असा नियम आहे. "दुपारी कोर्ट, संध्याकाळी गल्ल्यावर" हा हिशेब विसरा.

आता मुख्य गोष्ट, फी. लग्नात जेवणाच्या पंगतीत, मंदिराच्या पायरीवर, रात्री साडेदहाला फोनवर आपण तिला गाठतो. "फक्त एक विचारायचं होतं." ते एक विचारणं पाऊण तास चालतं. मग कागद व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, "जरा नजर टाक." बारा पानांच्या पुनर्विकासाच्या करारावर नजर कशी टाकायची? तो ओळ न् ओळ वाचावा लागतो, जुन्या कागदांशी ताडून बघावा लागतो, कारण एक कलम सुटलं तर तीस कुटुंबांचं घर अडकतं. आणि शेवटी "घरचीच आहेस, तुला काय द्यायचं?" डॉक्टरला आपण फी देतो, सीएला देतो, ब्यूटी पार्लरमध्ये तर न विचारता देतो. वकीलबाईचं काम तोंडाचं, म्हणून ते फुकट वाटतं.

पहिल्या दोन वर्षांच्या वहीत सल्ला घेऊन गेलेल्यांची नावं पानभर आहेत आणि समोरचा रकाना बहुतेक कोरा. प्रिंटर, कागद, बाइंडिंग, नोटरी, लोकलचा पास, पुस्तकं, हा खर्च मात्र दर महिन्याला भरलेला. खरं सांगते, लहान वकिली बंद पडते ती काम नसल्यामुळे कमी आणि या कोऱ्या रकान्यामुळे जास्त. मुलगी दोन-तीन वर्षं धीर धरते, मग घरचे म्हणतात, "कशाला दगदग? त्यापेक्षा शिकवण्या घे." आणि सनद कपाटात जाते.

आपण श्रावक-श्राविका. अचौर्याची शिकवण लहानपणापासून ऐकलेली. न दिलेलं घेणं हीच चोरी, इतकी साधी तिची व्याख्या. मग जिचा वेळ आणि विद्या हेच धन आहे, तिच्याकडून ते न देता ओढून घेणं कशात मोडतं? मी कुणाला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणते की या प्रश्नावर प्रतिक्रमणाच्या वेळी एकदा विचार करावा.

यावर एक बाजू मांडली जाते, आणि ती खोटी नाही: "ज्यांच्याकडे खरंच नाही त्यांनी काय करायचं?" त्यांच्यासाठी कायद्यानंच सोय केली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. हे आपल्या कामवालीला सांगा, शेजारणीलाही सांगा. शिवाय माझी जाऊ महिन्यातला दुसरा शनिवार बिनफीच्या सल्ल्यासाठी ठेवते. ते तिचं दान आहे. दान देणाऱ्यानं आपल्या मनानं करायचं असतं. घेणाऱ्यानं हक्कानं वसूल केलं तर त्याला दान कसं म्हणायचं?

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी काही नियम ठरवले. त्यानंतर वही बदलली. पहिली भेट अर्ध्या तासाची, तिची ठरलेली फी, नातेवाइकांनाही तीच. काम घेण्याआधी एका कागदावर लिहून द्यायचं: काय करणार, काय नाही करणार, फी किती, टप्पे कोणते. अशिलानं स्टॅम्प किंवा कोर्ट फीसाठी दिलेले पैसे वेगळ्या रकान्यात. त्यांना फी समजायचं नाही. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणं वकिलावर बंधनकारकच आहे. पैशाचं बोलणं मी करायचं, कायद्याचं तिनं. "ताई, माझ्या तोंडून फी निघत नाही," असं ती म्हणायची. माझ्या तोंडून निघाली. आत्तेसासूबाईंना राग आला, चार महिने बोलल्या नाहीत. मग मृत्युपत्र करायला आल्या आणि फी टेबलावर ठेवून गेल्या.

वाढीबद्दलही थोडं. ही वकिली हळूहळू वाढते. जाऊ सुरुवातीला दोन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांकडे शिकली, कारण कॉलेजात अर्ज लिहायला शिकवतात, पण कोर्टाच्या कारकुनाशी कसं बोलायचं ते शिकवत नाहीत. स्वतंत्र झाल्यावर तिनं फौजदारी कामं घेणं बंद केलं, ती ओळखीच्या दुसऱ्या वकिलांकडे पाठवते. चार प्रकारची कामं, पण ती चोख. दोन भाऊ एकाच वेळी आले तर ती दोघांचं ऐकते, पण वकीलपत्र एकाचंच घेते किंवा कुणाचंच नाही. पाचव्या वर्षी कारकून ठेवला, आठव्या वर्षी एक नवी वकील मुलगी. तिला पहिल्या महिन्यापासून पैसे दिले. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शहरातल्या नव्या वकिलांना महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. फुकट सल्ल्याविरुद्ध बोलायचं आणि ज्युनिअरला फुकट राबवायचं, हे कसं चालेल?

आता घरानं काय करायचं ते सांगते, कारण हे सगळं शेवटी घरावरच येतं.

तिला दाराची एक खोली द्या. हॉलमध्ये सोफ्यावर बसून कुणीही आपल्या संसाराचं रडगाणं गाणार नाही, आणि गाऊ पण नये. अशिलाचं बोलणं गुप्त ठेवणं वकिलावर कायद्यानं बंधनकारक आहे, तिच्या कारकुनावरही. मी वही लिहिते, पण फाइल उघडत नाही. आलेल्या बाईला मी पाणी देते आणि दार ओढून घेते. जेवताना "आज कोण आलं होतं गं?" हा प्रश्न आमच्या घरात बंद आहे, सासऱ्यांनाही.

तारखा आणि तिथी एकत्र बघा. कोर्ट आपल्या दशलक्षणासाठी थांबत नाही. तारीख ऑनलाइन दिसते, त्यामुळे आम्ही कॅलेंडरवर आधीच खूण करतो, जमेल तिथे पुढची तारीख मागून घेते, नाही जमली तर उपवासानंही उभी राहते. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. बीकेसीहून कुर्ल्याला येऊन लोकल पकडेपर्यंत घरी पोचून जेवण होत नाही. म्हणून संध्याकाळचा वेगळा डबा मी सकाळीच भरते. खाखरा, भिजवलेले मूग, एखादं फळ. ती साडेपाचला कोर्टाच्या आवारातच खाऊन घेते. अकरा वर्षांत व्रत मोडलं नाही आणि तारीखही चुकली नाही.

आणि घरातल्या सगळ्यांना समजावा की पहिली तीन वर्षं हिशेब मागायचा नाही. दुकान लावलं तरी बस्तान बसायला तेवढा वेळ आपण देतोच की!

तुमच्या ओळखीत कुणी नवी वकीलबाई असेल, तर या महिन्यात तिच्याकडे एक काम घेऊन जा. तुमचं स्वतःचं मृत्युपत्र झालंय का? नसेल तर तेच काम. वेळ ठरवून जा, कागद घेऊन जा, आणि उठण्यापूर्वी "फी किती?" असं आपणहून विचारा. ती संकोचून "राहू द्या हो, काकू" म्हणेल. ऐकू नका. पाकीट टेबलावर ठेवा आणि पावती मागून घ्या.

जय जिनेंद्र.